नुसत्या नावाने कोणी मरत नाही

काडीच्या टोकाला खडा उचलून ती हात वर धरायची. बांगडीवर टेकवायची नाही. आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघून घ्यायची आणि मग म्हणायची, "आता कोण मरणार, सांगा."

तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असायचे. भाईंदर पूर्वेला कारखान्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. तिथे खोट्या दागिन्यांचा माल यायचा आणि आम्ही आठ बायका सतरंजीवर मांड्या घालून त्यावर खडे बसवायचो. एका हातात बांगडी, दुसऱ्या हातात टोकाला मेण लावलेली काडी. गमचा ठिपका, वर खडा. पुन्हा ठिपका, पुन्हा खडा. हे काम तुम्ही केलं नसेल तर सांगते, त्याला डोळे आणि बोटं लागतात, डोकं अजिबात लागत नाही. डोकं आठ तास रिकामं पडून राहतं आणि त्यात नको ते येऊन बसतं. त्या रिकाम्या जागेत ती रोज एक खून करायची.

आम्ही तिला आक्का म्हणायचो. साठीच्या आसपासची, परभणीकडची, मोठ्या हाडाची बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुली लग्न होऊन आपापल्या घरी. एकटी राहायची आणि घरी गेल्यावर फक्त वाचायची. केबिन रोडला रद्दीचं एक दुकान होतं, तिथून ती खुनांची, दरोड्यांची, गुप्त खजिन्यांची, भुताखेतांची जुनी पुस्तकं शोधून आणायची. शेवटची पानं गळालेली पुस्तकं मुद्दाम मागून घ्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शेवट दुसऱ्याचा कशाला? माणूस मेला की पुढचं माझं मी बघते."

गोष्ट पुस्तकातली असली तरी जागा सगळ्या आमच्या असायच्या. पुस्तकातला डोंगरी किल्ला तिच्या तोंडून मिठागरात यायचा. चाचे लोक उत्तनच्या खडकाला होडी लावायचे. आणि मरणारा माणूस आमच्यातलाच असायचा. जी उशिरा आली ती मेली. जी गोष्टीच्या मध्ये बोलली ती मेली. आमच्यातल्या एकीने नवीन फ्लॅट घेतला आणि आठवडाभर त्याच्या लिफ्टचंच कौतुक सांगितलं, तेव्हा आक्काने तिला त्याच लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये तीन दिवस मारत ठेवलं. ती बाई पुढे कित्येक महिने जिना चढून घरी जायची. आम्ही पोट धरून हसायचो. आता आठवलं की वाटतं, आम्हाला तिची भीती बघायला आवडायचं, लिफ्टचं निमित्त होतं.

नया नगरहून शबाना यायची. तिला मरायची फार हौस. "आक्का, आज मेरेको मारो ना," म्हणून सकाळपासून मागे लागायची. एकदा म्हणाली, "पर पानी में मत मारना. मेरेको तैरना नहीं आता."

"म्हणून तर," आक्का म्हणाली, आणि त्या दिवशी शबाना खाडीत गेली.

शबानाला भुतं पाहिजे असायची. आक्का पुस्तकातली भुतंखेतं पंधरा मिनिटं रंगवून सांगायची, आमच्या अंगावर काटा आणायची आणि शेवटी त्या भुताच्या अंगावरची चादर ओढून काढायची. आत दीर नाहीतर भाडेकरू नाहीतर सख्खा भाऊ निघायचा. बुद्धवंदना म्हणणारी बाई ती, भूत आणि भगत तिला मान्यच नव्हते. "भूत नसतं गं," ती म्हणायची. "माणूस पुरतो."

तिच्या गोष्टींत पोलीस यायचे, पण नुसते चहा पिऊन जायचे. शोध लावायची ती धुणीभांडी करणारी एक बाई. दहा घरी काम करणारी, कोणाच्या लक्षात न येणारी. मालक लोक तिच्यासमोर सगळं बोलायचे, कारण ती तिथे आहे हेच त्यांच्या लक्षात नसायचं. ती खुनी पकडायची तो कपड्यांवरून, उष्ट्या ताटांवरून. खिशात राहिलेलं तिकीट, बाहीवरचा डाग, न खाल्लेली भाजी. आम्हाला ती बाई फार आवडायची, का ते सांगायला नको.

शनिवारी बाहेरचं नाव घ्यायची पद्धत होती. ज्या बाईला कोणाचा राग असेल तिने ते नाव द्यायचं आणि आक्का त्याला गोष्टीत घालून मारायची. पाण्याच्या टँकरवाल्याचं नाव आलं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं आलं, जावेचं तर तीनदा आलं. पण नाव दिलं की लगेच काम झालं असं नव्हतं. आक्का मान हलवायची. "नुसत्या नावाने कोणी मरत नाही. तपशील दे." म्हणजे तो माणूस जेवताना आधी काय खातो, कुठल्या कुशीवर झोपतो, कशाला घाबरतो, एकटा असला की काय करतो. जेवणाच्या सुट्टीत ती आपला डबा घेऊन त्या बाईशेजारी बसायची आणि चार-पाच दिवस हे सगळं काढून घ्यायची. निम्म्या बायका तपशील देता देताच कंटाळायच्या आणि शिकार सुटायची.

मी दिलेलं नाव माझ्या सासूचं होतं.

आता ते लिहिताना हात आखडत नाही, कारण तेव्हाही जीभ आखडली नव्हती. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. इथे भाईंदरलाच खारीत एका चाळीत आमची खोली. सासूला लकवा मारून तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, अंथरुणातून उठणं बंद. नवरा टेम्पोवर, सकाळी सातला बाहेर पडायचा आणि यायचा तो रात्री जेवायलाच. त्याला आईचा वास सहन व्हायचा नाही. मला व्हायचा, कारण मला विचारलं कोणी नव्हतं. घरी आले की आधी तिची चादर, मग तिचा गाऊन, मग खालचं मेणकापड, मग चहा. तीन वर्षं माझा चहा चौथ्या नंबरवर होता.

नाव ऐकून सगळ्या खूश झाल्या. सासू म्हणजे हक्काचा माल.

आक्का जेवणाला माझ्याशेजारी येऊन बसली. "दे तपशील."

मी भरभरून दिले. सांगताना मला माझंच कौतुक वाटत होतं. म्हटलं, आता पूर्वीसारखी चादर भिजवत नाही, मी बरोबर सवय लावली. घरी जाते तेव्हा अंथरूण कोरडं असतं. म्हटलं, ओठ फार फुटतात तिचे, मी रोज सकाळी बोटाने तूप लावते, कुठली सून लावेल.

"भाईंदरच्या या दमट हवेत ओठ फुटतात?" आक्काने विचारलं.

"म्हातारी कातडी आक्का. फुटायचीच."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "दिवसभर करते काय ती?"

"काय करणार? पडून असते. खिडकीकडे बघते. आभाळ बघत असेल."

"काय आहे खिडकीत?"

"काही नाही. तांब्या ठेवलाय पाण्याचा."

आक्काने हातातली भाकरी खाली ठेवली. पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, हिचं पोट भरलं.

शनिवारी अकराला तिने काडी वर धरली, पण "कोण मरणार" असं विचारलं नाही. सरळ सुरुवात केली. खाडीकाठी एक बंगला. बंगल्यात एक म्हातारी, पैसेवाली, पाय गेलेले. ती मेली. डॉक्टर आले, म्हणाले, वय झालं होतं. पोलीस आले, चहा प्यायले. घरचे रडले. आम्ही सगळ्या विषाची वाट बघत बसलो होतो. कोणी म्हणालं दुधात असेल, कोणी म्हणालं पानात.

मग धुणीभांडीवाली आली. तिला अंथरुणावरची चादर धुवायला दिली. चादर हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली. जी बाई अंथरुणातून उठू शकत नाही तिची चादर इतकी कोरडी, इतकी स्वच्छ कशी? मग तिने म्हातारीचे ओठ पाहिले. त्यावर तूप चमकत होतं. मग म्हातारीची मान कुठल्या बाजूला वळून राहिली होती ते पाहिलं आणि त्या बाजूला बघितलं. तिथे खिडकी होती. खिडकीत तांब्या.

शबाना पुढे सरकली. "लोटे में ज़हर था?"

"नाही. पाणीच होतं. स्वच्छ, गळ्यापर्यंत भरलेलं. पण हातापासून चार पावलांवर."

"किसने रखा?"

"सुनेने. सून काही वाईट नव्हती. कामाला जायची, घर चालवायची, ओठांना तूप लावायची. फक्त चादर धुवून कंटाळली होती." आक्काने खडा बांगडीवर बसवला. "चला. जेवून घ्या."

एवढी छोटी गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्यांना कळलं की नाही ते मला कधी विचारता आलं नाही. नाव तर मीच सगळ्यांसमोर दिलं होतं. डबे उघडताना शबाना म्हणाली, "आज मज़ा नहीं आया."

त्या दुपारी मी काय काम केलं ते मला माहीत नाही. संध्याकाळी माल तपासताना कळलं. दोन पांढरे आणि एक हिरवा असा नमुना होता, मी पूर्ण ट्रेभर दोन हिरवे आणि एक पांढरा बसवले होते. लग्नाची ऑर्डर होती. सगळा ट्रे रिजेक्ट.

घरी गेले. तांब्या खिडकीत होता. मी तो उचलला, सासूला उठवून बसवलं आणि पाणी पाजलं. तिने तीन पेले पाणी प्यायलं, हनुवटीवरून सांडत, श्वास न घेता. मला रडू आलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, आता असं नाही करायचं. पहाटे चादर, गाऊन, मेणकापड, गोधडी आणि खालची सतरंजी सगळं भिजलेलं होतं. रविवारचा पूर्ण दिवस मी मोरीत बसून होते. सोमवारी कामावर निघताना तांब्या उचलला आणि परत खिडकीत ठेवला. गोष्ट ऐकून माणूस सुधारतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ती गोधडी धुऊन पाहावी.

सोमवारी शेठ स्वतः आला. खराब ट्रे पुढे ठेवून विचारलं, "ये किसका है?"

मी म्हटलं, "मेरा है शेठ. आक्का कहानी बोलती है, ध्यान उधर जाता है."

हे खरंच होतं, म्हणून बोलायला फार सोपं गेलं. शेठने बाकीच्यांना विचारलं. ज्या बायका तिच्या हातून इतक्या वेळा हौसेने मेल्या होत्या त्यांच्यातली एकही तोंड उघडेना. शबाना डोळ्यांजवळ बांगडी धरून बसली. शेवटी आक्काच म्हणाली, "मैं घर पे माल ले जाती. इधर नहीं बैठती." शेठला तेच हवं होतं. बऱ्याच बायका घरी माल नेऊन काम करायच्याच.

तिने आपली काडी रुमालात गुंडाळली, पिशवी उचलली. माझ्यापाशी थांबली. मला वाटलं शिवी देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

"तपशील चांगले दिलेस," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी शेठने गाण्यांचा स्पीकर आणून लावला. महिनाभर आमच्याकडे कोणी मेलं नाही. दिवस इतके लांब झाले की बायका आपापसात भांडायला लागल्या. माझ्याशी कोणी भांडलं नाही. माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं.

त्याच महिन्यात घरी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सासूचे ओठ भरून आले. तुपाचं बोट लावायला जावं तर गरजच नाही. चादर तर कोरडीच. मला वाटलं, शरीराला सवय झाली. पण ती खिडकीकडे बघेनाशी झाली होती. ती माझ्याकडे बघायची. मी भाजी चिरत असले, केस विंचरत असले की तिची नजर माझ्यावर, आणि गालातल्या गालात हसायची. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यात ते हसू. एकदा मी विचारलं, "काय झालं आई?" तर मान हलवून डोळे मिटून घेतले आणि खांदा हलत राहिला. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली. भूत नसतं हे पाठ असूनही मी तिच्याकडे पाठ करून झोपेनाशी झाले.

एका दुपारी गाळ्याची लाइट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. दीड वाजता मी चाळीत पोचले. आमच्या खोलीची चावी शेजारणीकडे असायची. शेजारीण इथलीच, खारीतलीच जुनी. दारात वाल सोलत बसली होती.

"लवकर आलीस," ती म्हणाली. "तुजी मैत्रीण हाय आत."

"कोण मैत्रीण?"

"ती बांगड्यांची. रोज येते नं दुपारची. म्हातारीचं सगलं करते, पानी पाजते, लघवीचं भांडं लावते. तुला म्हायीत न्हाय?"

दार लोटलेलं होतं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आतून आक्काचा आवाज येत होता.

"कमरेपर्यंत रुतलीय बघा. मिठागराचा चिखल तो, जेवढं हलावं तेवढा आत ओढतो. वर ऊन. आणि बांधावर तुम्ही उभ्या. दोन्ही पायांवर, ताठ. नऊवारी नेसलेल्या. हातात तांब्या."

"मग?" हा सासूचा आवाज. तीन वर्षांत मी तो इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"मग ती वर बघते. ओठ फुटलेत तिचे."

"पाणी मागता काय गो?"

"मागते."

"पाणी देव नको," सासू म्हणाली.

मी आत गेले. दोन उशा लावून सासूला बसवलेलं होतं. डाव्या हाताशी स्टूल, स्टुलावर तांब्या. खाली आक्का बांगड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन बसली होती. काडी हवेत, टोकाला लाल खडा. माझ्याकडे बघून ती दचकलीसुद्धा नाही.

"बस," ती म्हणाली. "तुझाच खून चाललाय."

"कोणाला विचारून आलात तुम्ही घरात?"

"हिला." तिने सासूकडे काडी केली.

मी खूप बोलले. माझं घर, माझं अंथरूण, माझे हाल, तुम्ही कोण. एक दिवस चादर धुऊन दाखवा म्हटलं. आक्का म्हणाली, पंचवीस दिवस धुतेय, पहिल्या आठवड्यात दोनदा भिजली, आता वेळेवर भांडं दिलं की भिजत नाही. तिने ते अगदी साधं सांगितलं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"हिचे पाय बघ," सासू आक्काला म्हणाली. "सांगितलं ना, भेगा हत. मिठाच्या चिखलात आग होतली."

"घेतलंय ते," आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तपशील सगळे यांचे. मी फक्त जोडते."

मग मला ऐकायला मिळालं की माझ्याबद्दल तिथे काय काय जमा झालं होतं. मी उभ्याने जेवते. पालीला घाबरते, पण नवरा घरी असला तर दाखवत नाही. कंबर धरली की दाराच्या चौकटीला पाठ घासते. रडायचं असलं की मोरीत जाते, नळ सोडते, बादली भरून वाहायला लागली तरी बंद करत नाही. गाऊन बदलताना माझा हात चुकून जोरात लागला की मी स्वतःच्याच मांडीला चिमटा काढते. हे शेवटचं मला स्वतःलाही माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या बाईची चादर पाहिली होती. तिने या सगळ्या वेळात मला पाहिलं होतं. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त, का कोण जाणे, बरं वाटलं. माझ्याकडे इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं.

"मग काय करू?" आक्काने सासूला विचारलं. "बुडवू की काढू?"

सासूने माझ्याकडे पाहिलं, तेच वाकडं हसू. "आज अर्धीच बुडूंदे," ती म्हणाली. "उद्या बघू."

त्यानंतर आठ महिने आक्का रोज येत राहिली आणि मी रोज मरत राहिले. चोरांच्या टोळीने मला उत्तनच्या खडकावर बांधून ठेवलं आणि भरती आली. खजिन्याच्या पेटीत हात घातला तर आत नाग. माझ्या सासूने घोड्यावर बसून माझा पाठलाग केला, ज्या बाईला स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं तिने. संध्याकाळी मी घरी आले की ती स्वतःच सांगायची, "आज तुका कशी मारली, ऐकतंस?" आणि मी चहा पीत ऐकायचे. चहा आता पहिला असायचा. तांब्या स्टुलावर असायचा. एखाद्या रात्री चादर भिजायची, मी शिव्या द्यायचे, ती उद्याच्या खुनाची धमकी द्यायची.

मी आक्काची माफी मागितली नाही. सकाळी तिच्यासाठी दोन भाकऱ्या जास्त करून झाकून ठेवायचे, तेवढंच. एकदा रविवारी ती आली तेव्हा विचारलं, "का येता आक्का? मी तुम्हाला तिथून घालवलं."

ती खडे निवडत होती. "तुझ्यासाठी नाही येत," ती म्हणाली. "बंगल्यातली म्हातारी मेली होती. तुझी मेली नव्हती. चूक झाली ना माझी. मेल्यावर शोध लावून काय करायचा?"

मग सलग चार दिवस ती आली नाही. माल घरी जास्त असेल असं वाटलं. पाचव्या दिवशी तिच्या मुलीचा फोन आला. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. इतक्या खुनांचा अनुभव असलेली बाई साध्या तापाने गेली. आजही त्या तापाचा मला राग येतो. तिला काहीतरी शोभेसं मरण पाहिजे होतं.

स्मशानात गाळ्यातल्या सगळ्या आल्या होत्या. पांढरे कपडे घातलेली माणसं वंदना म्हणत होती. शबाना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "सबको मारा आक्का ने," ती म्हणाली. "ख़ुद को एक बार भी नहीं मारा." मग ओढणी तोंडावर घेऊन रडली.

घरी येऊन सासूला सांगितलं. ती डावा हात तांब्यावर ठेवून पडून राहिली. मग तिने विचारलं, "भूत होऊन येतली काय गो ती?"

"भूत नसतं आई."

"व्हय. ती पण तसाच म्हणायची." तिने डोळे पुसले. "मग आता तुका कोण मारणार?"

मी गाळ्यावर जाणं सोडलं. शेठला सांगून माल घरी आणायला लागले. पहिल्या दिवशी अकरा वाजता सासूला भांडं दिलं, दोन उशा लावून बसवलं, पाणी पाजलं. ट्रे घेऊन खाली बसले, त्याच जागी. आक्काची काडी तिच्या मुलीने मला दिली होती. टोकाचं मेण झिजलेलं होतं, मी ते बोटाने सारखं केलं. खडा उचलला. हात वर धरला.

"आता कोण मरणार, सांगा," मी म्हटलं.

सासूने चांगला हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

"तपशील द्या," मी म्हटलं.